औषध दिले, पण लिहिले कुठे?

आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत एक प्लास्टिकची पिशवी असते. पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ती जपून ठेवलेली असते. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मुलांची लसीकरणाची कार्डे असे सगळे तिच्यात असते. घर गळू लागले तर आधी ती पिशवी सुरक्षित जागी हलवली जाते. कागदावर नाव नसले तर काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९५६ साली आपण धम्माचा स्वीकार केला. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा उल्लेख नव्हता, म्हणून केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालापर्यंत थांबावे लागले. एका शब्दाची उणीव आपण ३४ वर्षे भोगली.

मग दवाखान्याचा कागद मात्र आपण इतक्या बेफिकिरीने का हाताळतो? चिठ्ठी खिशात चुरगळते, केसपेपर मेडिकलवाल्याकडे राहतो, आणि नर्सिंग होममध्ये सलाइनमधून काय काय दिले याची तर चौकशीही होत नाही. "डॉक्टरांनी दिले ना, मग झाले" असे आपण म्हणतो. या लेखाचा विषय हाच आहे. औषध देणे हा उपचाराचा अर्धा भाग झाला. काय दिले, किती दिले, केव्हा दिले आणि कोणी दिले हे लिहिणे हा उरलेला अर्धा भाग. तो अर्धा भाग राहिला तर माणूस दगावू शकतो.

रुग्ण पुढे जातो, डॉक्टर मागे राहतो

शहरात एक रुग्ण बहुधा एकाच रुग्णालयात दाखल होतो आणि तिथूनच बरा होऊन घरी येतो. शहापूर-मुरबाडकडे तसे होत नाही. डोळखांब किंवा कसारा भागातला रुग्ण आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खाजगी डॉक्टरकडे जातो. तिथून शहापूरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतो. जमले नाही तर ठाण्याचे सिव्हिल किंवा कळव्याचे रुग्णालय. मुरबाडचे तसेच. धसईकडचा माणूस मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात येतो, तिथून कल्याण किंवा उल्हासनगर, आणि मग ठाणे. मुरबाडला रेल्वे नाही. रात्रीच्या वेळी १०८ ची गाडी मिळेल ती, नाहीतर कोणाची तरी जीप.

या वाटेवर रुग्ण तीन-चार डॉक्टरांच्या हातांखालून जातो. यातला एकही डॉक्टर त्याच्याबरोबर पुढे जात नाही. सोबत जातो तो फक्त कागद. त्या कागदावर "उपचार केले, पुढे पाठवत आहोत" एवढेच लिहिलेले असेल, तर ठाण्याच्या डॉक्टरला रात्री दोन वाजता काय समजणार? तो नातेवाइकांना विचारतो, "काय दिले होते?" आणि आपण सांगतो, "दोन सलाइन लावले, एक पिवळे इंजेक्शन दिले." पिवळ्या रंगाची इंजेक्शने कितीतरी आहेत.

इथे एक खुलासा करावा लागेल. परदेशात नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याची जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय. त्यांच्या नोंदणीसाठी १९४९ सालापासून आपल्या राज्यात कायदा आहे. जागा कोणतीही असो, औषधाच्या नोंदीचा नियम एकच.

नोंद कशी असायला हवी

डॉक्टर केसपेपरवर औषध लिहितात. सिस्टर ते औषधांच्या तक्त्यावर उतरवून घेते. औषध दिले की त्या वेळेच्या रकान्यात वेळ लिहून सही करते. परिचारिकांना शिक्षणातच पाच गोष्टी तपासायला शिकवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. मार्ग म्हणजे तोंडाने, शिरेतून, स्नायूत की कातडीखाली. या पाचांना जोडून सहावी गोष्ट येते, ती म्हणजे योग्य नोंद. ही सहावी नसेल तर पहिल्या पाच झाल्या की नाही हे सांगणारे कोणी उरत नाही.

कागदावरची इंग्रजी अक्षरे आपल्यालाही कळायला हवीत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज लागली तरच, आणि स्टॅट म्हणजे ताबडतोब. दहावीला असलेल्या मुलीला हे एकदा पाठ करायला लावा. घरात कोणी आजारी पडले की ती उपयोगी पडेल.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण सापाचे. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत आपल्या भागात सर्पदंश नेहमीचा. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, बांधावर घोणस आणि फुरसे. सापाच्या विषावरच्या लसीच्या सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या देतात. मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन २० मिनिटे ठेवतात आणि ते गोठले का ते पाहतात. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तपासून आणखी लस द्यायची का ते ठरवतात. आता समजा, शहापूरला रात्री नऊ वाजता ८ कुप्या दिल्या आणि कागदावर लिहिल्या नाहीत. ठाण्याचा डॉक्टर सहा तास कुठून मोजणार? त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर महागडी लस वाया जाते, आणि लसीची जीवघेणी रिअॅक्शन येण्याचा धोका पुन्हा पत्करावा लागतो. "दिली असेल" असे समजून थांबला तर रक्तस्राव चालूच राहतो.

दुसरे उदाहरण बाळंतिणीचे. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन जीव वाचवते. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस आरोग्य केंद्रातच देतात: दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, एकूण १० ग्रॅम. हा डोस कागदावर लिहिला नाही आणि पुढच्या रुग्णालयात पहिला समजून पुन्हा तेवढाच दिला, तर त्याच औषधाने बाईचा श्वास मंद होऊ शकतो, बंदही पडू शकतो. दोन्ही ठिकाणी औषध बरोबरच दिले, दोन्ही ठिकाणची माणसे प्रामाणिक होती. चूक झाली ती मधल्या न लिहिलेल्या ओळीत.

तिसरे उदाहरण साखरेच्या आजाराचे. इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. युनिट असे पूर्ण न लिहिता कोणी आकड्यापुढे नुसते इंग्रजी यू हे अक्षर काढले, तर घाईत ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जातात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पण १०० युनिटचेही इन्सुलिन मिळते. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. ४० ची सिरिंज वापरून १०० चे इन्सुलिन भरले तर डोस अडीच पट होतो. साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून बाटली कोणती, सिरिंज कोणती, युनिट किती, हे तिन्ही लिहायला हवे.

साध्या तापाच्या गोळीतही हेच आहे. प्रौढ माणसाने २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायचे नसते. ५०० च्या गोळ्या धरल्या तर आठ. नर्सिंग होममध्ये सलाइनमधून दिलेले, गावच्या डॉक्टरने दिलेले आणि दुकानातून आणलेले, सगळे वेगवेगळ्या नावांनी पोटात जाते. एकत्र लिहिले नाही तर बेरीज कोण करणार? त्रास यकृताला होतो.

न्यायालयात गेलेले एक प्रकरण

हे सारे कागदी भय नाही. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलमध्ये एका लहान मुलाला विषमज्वरासाठी दाखल केले होते. डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन एक होते आणि नर्सने वडिलांना बाहेरून आणायला सांगितले ते दुसरेच, मलेरियावरचे. ते शिरेतून देताच आईच्या मांडीवरच मूल कोसळले. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पात्रताधारक आणि नोंदणीकृत नव्हती, हेही पुढे आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपये भरपाई ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ती कायम केली आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर टाकली.

बाहेरून आणायला सांगितलेल्या इंजेक्शनचे नाव कागदावरच्या नावाशी एकदा जुळवून पाहिले असते, तर ही चूक सुई टोचण्यापूर्वीच लक्षात आली असती.

आपल्या मुलींसाठी दोन शब्द

आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज दवाखान्यांत काम करतात. काही शिकून सरकारी रुग्णालयांत सिस्टर झाल्या, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण बारावी होऊन, शिक्षण न घेताच छोट्या नर्सिंग होममध्ये लागलेल्याही पुष्कळ आहेत. पांढरा कोट मिळतो, लोक सिस्टर म्हणतात, पगार तुटपुंजा असतो. रात्रपाळीला एकटीवर पंधरा रुग्ण, आणि सकाळी घाईघाईने सगळ्यांचे तक्ते एकदम भरून सह्या करायच्या. काही ठिकाणी तर मोठ्या राऊंडच्या आधी "राहिलेल्या सह्या मारून टाक" असे सांगितले जाते.

ताई, ही सही साधी नाही. उद्या काही विपरीत घडले तर चौकशीत तोच कागद समोर येतो. सांगणाऱ्याचा शब्द हवेत विरतो, तुमची सही कागदावर राहते. म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवा. औषध दिल्यावरच लिहा, आधी नाही आणि चार तासांनीही नाही. स्वतः दिले तेवढ्याचीच सही करा. औषध दिले नसेल तर रकाना खोटा भरू नका. "रुग्णाला उलटी झाली", "औषध उपलब्ध नव्हते", "रुग्णाने नकार दिला" असे कारण लिहा. लिहिताना चुकले तर पांढरा रंग फासू नका. एक रेघ मारा, जुने वाचता येऊ द्या, शेजारी बरोबर लिहून सही करा. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर लिहून घ्या, लगेच त्यांना वाचून दाखवा, आणि ते आले की त्यांची सही घ्या. नाव नीट वाचता येत नसेल तर विचारा. विचारल्यामुळे ओरडा बसेल, पण न विचारल्यामुळे जे घडेल ते ओरड्याने भरून निघणार नाही.

आणि आईवडिलांनो, मुलीला या कामात घालायचे असेल तर तिला एएनएम किंवा जीएनएमचे रीतसर शिक्षण द्या आणि परिचर्या परिषदेत तिची नोंदणी करा. अर्धवट शिकलेल्या मुलीच्या हातात सुई देणाऱ्याला ती स्वस्तात मिळते, पण त्याची किंमत ती आणि रुग्ण दोघे मोजतात.

महाडची नोंदवही

नोंदीमुळे काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. ज्या महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तिथे लाल विंचू चावून माणसे मरत. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले सुमारे चाळीस दगावत. बावस्करांकडे मोठी यंत्रे नव्हती. ते रुग्णाशेजारी बसून राहत आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, दिलेले औषध आणि त्यानंतर पडलेला फरक लिहून ठेवत. या नोंदींतूनच लाल विंचवाचे विष हृदयावर कसा घाला घालते हे उलगडत गेले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या एका आरोग्य केंद्रातला कागद जगाच्या उपयोगी पडला, कारण तो खरा आणि वेळच्या वेळी लिहिलेला होता.

तथागतांची शिकवण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ करून बिछान्यावर निजवले. मग संघाला जमवून समजावले की ज्याला बुद्धाची सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. हा प्रसंग आपल्या वस्तीत अनेकांना माहीत आहे. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. सेवा करायला सोपा रुग्ण कोणता, तर जो औषध घेतो आणि आपला आजार जसा आहे तसा सांगतो. वाढला असेल तर वाढला म्हणतो, उतरला असेल तर उतरला, आणि आहे तसाच असेल तर तसे. चांगला सेवक कोणता, तर ज्याला औषध तयार करता येते, काय हितकारक आणि काय अपायकारक हे कळते, आणि जो लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो.

जसे आहे तसे सांगणे, हीच तर नोंद. औषधाचा खोटा रकाना भरणे हे मुसावाद झाले. ज्याने पंचशील घेतले आहे त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. आपणही डॉक्टरांपासून दारू, गावठी औषध, भगताकडचा पाला, मधेच सोडलेल्या गोळ्या लपवतो. तेही सांगायला हवे, म्हणजे कागद पूर्ण होईल.

कागद मागणे हा हक्क आहे

आपले लोक कागद मागायला कचरतात. "डॉक्टर रागावतील, पुढच्या वेळी बघणार नाहीत" ही भीती खोटी नाही. पण कायदा आपल्या बाजूचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे की रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात, गुप्ततेची सबब चालत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायच्या. २०१६ पासून औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असाही नियम आहे. २०२१ च्या राज्याच्या नियमांप्रमाणे नर्सिंग होममध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी गेलात तर भिंतीवर ती आहे का बघा.

मागणी भांडणाच्या सुरात करू नये. "डॉक्टरसाहेब, पुढे कुठे जायची पाळी आली तर उपयोगी पडेल, दिलेल्या औषधांची यादी लिहून द्या" एवढे पुरते. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

घरी काय करावे

एक दोन रुपयांची का होईना, वेगळी वही करा. पहिल्या पानावर नाव, वय, वजन, जुने आजार, रोजच्या गोळ्या आणि कोणत्या औषधाने कधी अंगावर उठले किंवा दम लागला ते लिहा. पेनिसिलिनसारखे औषध सोसत नसेल तर ते लाल पेनाने. त्यापुढे दर वेळी तारीख, वेळ, जागा, औषध, मात्रा. संपलेल्या इंजेक्शनची रिकामी कुपी आणि गोळ्यांचे पाकीट टाकू नका, नाव त्यावर छापलेले असते. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर कागदाचा आणि कुपीचा फोटो काढा. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की हळूच विचारा, "सिस्टर, हे कशाचे? कागदावर लिहिले का?" आणि पुढच्या रुग्णालयात नेताना गाडी सुटण्याआधी चिठ्ठी वाचा. औषध, मात्रा आणि वेळ या तीन गोष्टी नसतील तर तिथेच लिहून घ्या. पाच मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर गाडी थांबवू नका. तोंडी सांगितलेले वहीत उतरवून घ्या आणि उरलेले फोनवर विचारा.

टीबीच्या रुग्णाचे कार्ड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. घेतलेल्या प्रत्येक डोसाची त्यावर खूण असते, आणि त्या खुणांच्या शिस्तीने सहा महिन्यांत माणूस उभा राहतो. महिला मंडळांनी आणि विहारातल्या तरुणांनी मनावर घेतले तर प्रत्येक घरात अशी औषधाची वही होऊ शकते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतात तेव्हा, एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. एखाद्या शिकलेल्या सिस्टरताईला बोलवावे, तिच्याकडून कागद वाचायला शिकावे.

बाबासाहेबांनी आपल्या हातात लेखणी दिली, ती अर्ज आणि परीक्षेपुरती नाही. घरातले माणूस खाटेवर असते तेव्हाही ती चालली पाहिजे. जपून ठेवलेल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत आता आणखी एका वहीला जागा करा.

जयभीम!